पाना हातात घेतल्यावर : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या रत्नागिरीतल्या गाडीवाल्यांच्या गटाने 'आपली गाडी, आपला हात' असा एक दिवस ठेवला होता. आंब्याचा हंगाम उतरलेला, त्यामुळे एका बागायतदारांची पॅकिंगची शेड मोकळी मिळाली. खाली सिमेंटचा सपाट कोबा, वर पत्रा, कोपऱ्यात रिकाम्या पेट्यांची चळत आणि सगळीकडे गवताचा नि पिकल्या आंब्याचा वास. ११ गाड्या आल्या, माणसं २६. नियम एकच होता : ज्याची गाडी, त्याने काम करायचं. शिकवणाऱ्याने नुसतं तोंडाने सांगायचं, पान्याला हात लावायचा नाही.

मागच्या अंकात त्या दिवसाबद्दल मी अर्धं पान लिहिलं आणि पत्रांची रीघ लागली. त्यातल्या काहींना इथे उत्तरं देते. नव्या वाचकांसाठी माझ्याबद्दल दोन ओळी : बाबा एस.टी.त मेकॅनिक होते. मी आयटीआयला मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड केला आणि गेली २२ वर्षं स्पेअर पार्टचं दुकान चालवते. काउंटरवर रोज उभं राहून एक गोष्ट पक्की कळली आहे. आपल्याकडच्या गाड्या धावून जेवढ्या झिजतात, त्याहून जास्त उभ्या जागी कुजतात. खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस काही आपल्या हातात नाही. महिन्यातून एकदा बॉनेट उघडून बघणं मात्र आहे.

ताई, मी शृंगारतळीला शिक्षिका आहे, रोज गाडीने जाते-येते. गेल्या पावसात मोडकाआगरच्या पुढे टायर पंक्चर झाला. मी सगळा जोर लावला तरी नट हलले नाहीत. शेवटी एका डंपरवाल्या दादांनी चाक बदलून दिलं. घरचे म्हणतात, हे बायकांच्या ताकदीचं कामच नाही. खरं काय ते सांगा.

खरं सांगते, तुमच्या ताकदीत काही कमी नाही, पाना आखूड आहे. चाकाचे नट छोट्या गाडीला साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर (हे पिळाच्या जोराचं माप) इतके आवळलेले असतात, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत मिळेल. गाडीसोबत येणारा पाना जेमतेम वीतभर किंवा थोडा मोठा असतो. पाव मीटरच्या पान्यावर १०० न्यूटन-मीटरचा नट सोडवायला सुमारे ४० किलोचा भार द्यावा लागतो. पाना अर्धा मीटर लांब असला तर तेच काम २० किलोत होतं. त्यात टायरवाल्याने हवेच्या गनने नट ठोकून आवळलेले असले आणि वर आपल्या हवेचा गंज चढला असला, तर ४० किलोही पुरत नाहीत. म्हणून पहिल्यांदा एक लांब दांड्याचा पाना घ्या आणि तो डिकीतच ठेवा.

त्या रविवारी आमच्याकडे ६१ वर्षांच्या एक काकू होत्या. नवरा गेल्यावर गाडी विकायची नाही म्हणून पन्नाशीनंतर चालवायला शिकलेल्या. त्यांनाही पहिला नट हलेना. मी त्यांना पाना नटावर असा बसवायला सांगितला, की दांडा डाव्या बाजूला आडवा येईल. मग शेडच्या खांबाला हात धरून त्यांनी दांड्याच्या टोकावर पाय ठेवला आणि हळूहळू अंगाचा भार सोडला. हिसका दिला नाही, उडी मारली नाही, नुसता भार. क्षणभर काही झालं नाही. मग 'कट्' असा कोरडा आवाज आला आणि दांडा चार बोटं खाली गेला. काकूंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, लगेच दुसऱ्या नटाकडे वळल्या. चौथा नट होईपर्यंत आजूबाजूच्या तीन गाड्यांचं काम थांबलं होतं, सगळे त्यांच्याकडे बघत उभे होते.

आता क्रम नीट लक्षात ठेवा, कारण बहुतेक चुका क्रमातच होतात. सपाट जागा बघा, हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका आणि जे चाक काढायचं त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच सगळे नट अर्धा-अर्धा फेरा सैल करा. गाडी उचलल्यावर जोर लावलात तर चाक फिरतं आणि गाडी जॅकवरून सरकते. जॅक कुठे लावायचा त्याच्या खुणा दाराखालच्या पट्टीवर असतात, पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे दोन छोट्या खाचा. बोटाने चाचपून बघा. आपली लाल माती पावसात लोण्यासारखी होते, तिच्यात जॅक रुततो, म्हणून फूटभर लांबीची जाड फळी डिकीत असू द्या. गाडी उचलली की स्टेपनी पट्टीखाली आडवी सरकवून ठेवा. जॅक सुटलाच तर गाडी तिच्यावर टेकेल, तुमच्या हातावर नाही.

स्टेपनी बसवताना नटाची निमुळती बाजू आत. सगळे नट हाताने बसवा आणि मग समोरासमोरचे आवळत जा, ओळीने नाही. शेवटचा जोर गाडी खाली उतरवल्यावर. नटांच्या आट्यांना ग्रीस लावायचा सल्ला पुष्कळ जण देतील, तो ऐकू नका. ग्रीस लावलेला नट नेहमीच्या जोराने आवळला तरी प्रमाणाबाहेर ताणला जातो. तारेच्या ब्रशने गंज काढला की पुरे. ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा, आणि स्टेपनीतली हवा महिन्यातून एकदा बघा. त्या दिवशी ११ पैकी ४ गाड्यांच्या स्टेपनीत हवाच नव्हती.

आणखी एक, आणि हे सगळ्याच वाचकांसाठी. आपल्याकडे गाडी वर उचलली की खाली जांभ्याचा चिरा सरकवायची सवय आहे. चिरा चाकाला उटी, म्हणजे अडसर, म्हणून चालेल, गाडीखाली कधीही नको. जांभा सच्छिद्र असतो. भिंतीत भार सगळ्या अंगावर पसरतो म्हणून तो टिकतो, गाडीच्या एका लोखंडी कडेचा भार त्याच्यावर आला की तो उभा चिरतो, आधी करकरतसुद्धा नाही. त्या दिवशी आम्ही मुद्दाम एक चिरा तसा ठेवून, माणसं लांब उभी करून, गाडी जॅकने हळूहळू त्यावर उतरवली. त्याचे तीन तुकडे झाले. त्यानंतर मला कोणाला काही समजवावं लागलं नाही. गाडीखाली जायचं असेल तर लोखंडी घोड्याच (उचललेली गाडी तोलून धरणारे टेकू, म्हणजे जॅक स्टँड) हव्यात, त्याही जोडीने.

मी डोंबिवलीत राहतो, गाव राजापूर तालुक्यात. एक गाडी गावच्या खळ्यातच असते. गणपतीला गेलो की दर वर्षी बॅटरी उतरलेली आणि मागची चाकं जाम. शेजारी आठवड्याला पाच मिनिटं गाडी सुरू करून ठेवतात, तरी हीच गत. काय करावं?

शेजाऱ्यांचे आभार माना आणि त्यांना ते काम थांबवायला सांगा. सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढी वीज जाते ती पाच मिनिटं नुसतं इंजिन चालवून भरून निघेलच असं नाही. वर इंजिन नीट तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. पंधरवड्यातून एकदा अर्धा तास गाडी खरोखर चालवणारं कोणी असेल तर उत्तमच. नसेल तर मुंबईला निघताना बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून ठेवा. तार सोडली की सेंट्रल लॉक चालणार नाही, तेव्हा दार चावीने उघडतं ना ते आधी बघून घ्या. भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी उतरली. एक साधा मल्टिमीटर घरात ठेवा.

चाकं जाम होतात ती हँडब्रेकमुळे. दोन महिने दमट हवेत ब्रेकचं लायनर ड्रमला टेकून राहिलं की मधे गंज धरतो आणि दोन्ही एकमेकांना चिकटतात. सपाट जागेवर गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकांना दोन्ही बाजूंनी चिरे लावा आणि हँडब्रेक सोडून जा. (चिऱ्याचा योग्य उपयोग हा!) आता जाम झालीच आहेत तर अ‍ॅक्सिलरेटर दाबून ओढाताण करू नका, लायनर उखडून येतं. पुढे-मागे हळू झोके द्या. सुटलं नाही तर मेकॅनिकला बोलवा.

गाडीवर प्लास्टिकचं कापड घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. उंदरांसाठी लोक तंबाखूची पानं आणि डांबरगोळ्या ठेवतात. माझ्या अनुभवात त्यांचा उपयोग वास आहे तोवर, म्हणजे थोडेच दिवस. त्यापेक्षा गाडी नारळाच्या राशीपासून आणि पेंढ्यापासून लांब ठेवा, बॉनेटखाली साठलेला पालापाचोळा काढा आणि बॉनेट उघडं ठेवता येत असेल तर ठेवा. उंदराला अंधारी, उबदार जागा हवी असते.

दुसऱ्या गाडीवरून सुरू करायची वेळ आली तर ताराही क्रमाने लावा. लाल तार आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी तार चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचं शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते. ती बॅटरीजवळ पडता कामा नये. काढताना बरोबर उलटा क्रम.

लांज्याला माझं गॅरेज आहे. तुमचा लेख वाचला. सगळं घरीच शिकवलंत तर आमच्या पोटावर पाय नाही का?

दादा, तुमचा प्रश्न मनापासून आला आहे. मी पार्ट विकते, माझी निम्मी विक्री गॅरेजवाल्यांना असते, तेव्हा तुमचं पोट ते माझंही. त्या दिवशी ११ गाड्यांपैकी ७ गाड्या हातात कामाची यादी घेऊन गॅरेजला गेल्या. एकाच्या ड्राइव्ह शाफ्टचं रबर फाटून ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं होतं. एकीचे ब्रेक पॅड ३ मिलीमीटरच्या खाली आले होते. एकाचा रेडिएटरचा पाइप टोकाला बेडकासारखा फुगलेला. यातलं एकही काम आम्ही तिथे केलं नाही. मालकांनी स्वतः चाक काढून, वाकून बघितलं म्हणून ते सापडलं, नाहीतर यातली एखादी गाडी थेट घाटात बंद पडून तुमच्याकडे ओढून आली असती.

घरी होतं ते एवढंच : हवा, चाक, फिल्टर, वायपर, बल्ब, फ्यूज, पाण्या-तेलाची पातळी, बॅटरीची टोकं. गॅरेजला या कामांत मिळतं ते किती? उलट ज्याने स्वतः एकदा चार नट काढले त्याला तुमच्या मजुरीची किंमत कळते, तो घासाघीस कमी करतो. हे मी काउंटरवर पाहिलं आहे.

तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. बदललेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्या आणि कुठे झिजलाय ते बोट ठेवून दाखवा. माझ्या स्वतःच्या गाडीचं काम एकदा परगावी करावं लागलं. बिलात चार पार्ट होते, जुने मागितले तर 'फेकले' म्हणून सांगितलं. त्या दिवशी मला जे वाटलं ते तुमच्या गिऱ्हाइकाला वाटू नये.

मालवणात घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. सहा वर्षांच्या गाडीची दारं खालून गंजली. होडीला तेल लावतात तसं गाडीला खालून काळं ऑइल मारून घ्या, असं सगळे सांगतात. घ्यावं का?

नको. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल रबराला खातं, म्हणजे खालची रबरी बुशं आणि बूट (सांध्यांवरची रबरी आवरणं) फुगून मऊ होतात. ब्रेकच्या डिस्कवर उडालं तर गाडी थांबणार नाही. वर रेती आणि धूळ त्याला चिकटून थर बसतो, त्याच्याखाली खारट ओल तशीच राहते. आणि पहिल्या सरीला ते सगळं अंगणात उतरतं. आपला जांभा पाणी पितो, म्हणजे अंगणातलं ऑइल विहिरीत जायला फार दिवस लागत नाहीत. काळं ऑइल हा कायद्यानेही घातक कचरा आहे. ते बंद डब्यात भरून, ज्यांच्याकडून अधिकृत पुनर्वापरवाले ऑइल उचलतात अशा गॅरेजला द्या.

तुमची दारं खालून गंजली ती बाहेरून आलेल्या खाऱ्या वाऱ्याने, असं तुम्हाला वाटत असेल. माझा अंदाज आहे की ती आतून गंजली. खिडकीच्या काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या पोटात उतरतं, ते तसं उतरणारच, गाडी बनवणाऱ्यांनी ते धरलेलं आहे. ते बाहेर पडायला दाराच्या खालच्या कडेला दोन-तीन छोटी भोकं असतात. लाल माती आणि पानांचा चुरा बसून ती बुजली, की दार म्हणजे पाण्याची टाकी. त्या रविवारी आमच्यातल्या एका बाईंना मी दार जरा जोरात उघड-मीट करायला सांगितलं. आतून डबडब आवाज आला. त्यांना वाटलं दुसऱ्याच कुणाच्या कॅनमधलं पाणी. मग केरसुणीचा एक हीर घेऊन त्यांनी दाराच्या कडेखाली भोक शोधलं, हीर आत सरकवला आणि फिरवला. आधी चहाच्या गाळासारखा चिखल आला, पाठोपाठ गंजाच्या रंगाचं पाणी. छोटा तांब्या भरला असता. मे महिन्यात! म्हणजे मागच्या पावसापासूनचं, किंवा दर धुण्याला साठत आलेलं.

यासाठी हीरच घ्या, खिळा किंवा स्क्रू ड्रायव्हर नको, आतला रंग खरवडला की तिथूनच गंज सुरू होतो. हीर वाकतो, पण रंगाला इजा करत नाही. चारही दारं, डिकीचं दार, आणि पुढच्या काचेच्या खाली वायपरजवळची जाळी, जिथे आंब्याची आणि बकुळीची पानं कुजून बसतात. तिथलं पाणी तुंबलं की थेट पायाखालच्या गालिच्यात येतं. पाऊस सुरू व्हायच्या आधी, गणपतीच्या सुमारास आणि दिवाळीला, असं वर्षातून तीनदा हे करा.

बाहेरून काय करायचं? गोड्या पाण्याने खालची बाजू आणि चाकांच्या कमानी आठवड्याला धुवा. मचूळ विहिरीचं पाणी यासाठी नको. जिथे गंज दिसतो तिथे पॉलिश पेपरने लोखंड दिसेपर्यंत घासा, प्राइमर, मग रंग. पूर्ण खालच्या बाजूचं कोटिंग करायचं असेल तर पाऊस संपून गाडी खडखडीत वाळल्यावर करा. ओलीवर मारलेलं कोटिंग गंजाला झाकून वाढवतं.

गाडी पुळणीवर नेत असाल तर आजपासून सोडा. गाडीचं नुकसान होतंच, शिवाय आपल्या किनाऱ्यांवर वेळासपासून खाली अनेक ठिकाणी ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. ती घरटी वरून दिसत नाहीत.

आमच्या वेंगुर्ल्यात काही बर्फ पडत नाही. मग रेडिएटरला महागाचं कूलंट कशाला, विहिरीचं पाणी का नको?

कूलंट गोठू देत नाही हे अर्धंच काम. तेच पाणी उशिरा उकळायला लावतं आणि इंजिनमधल्या अ‍ॅल्युमिनियमला आणि लोखंडाला गंजू देत नाही. आपल्याला ही दोन कामं हवी आहेत. विहिरीच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात, चहाच्या भांड्याला धरतात तसे, आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेलं घ्या. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण फिरताक्षणी ते उकळून तोंडावर येतं. आमच्या दिवशी एका तरुण मुलाचा हात झाकणावर गेला होता, मी ओरडले. नंतर त्याला वाईट वाटलं, पण पुन्हा तसंच ओरडेन.

मी देवरुखचा, गाडी २०१७ ची. कोल्हापूरहून येताना आंबा घाट उतरत होतो. साखरप्याच्या अलीकडे ब्रेकचं पेडल एकदम मऊ होऊन तळाला गेलं. हँडब्रेकने कशीबशी थांबवली. अर्ध्या तासाने पेडल पूर्ववत! मेकॅनिक म्हणाले, गळती नाही, पॅड चांगले आहेत. मग झालं काय?

तुमचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? पत्रात तुम्ही गाडी २०१७ ची असल्याचं लिहिलं आहे आणि ऑइलचा उल्लेख नाही, त्यावरून ते कधीच बदललं नसावं असं वाटतं.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डबा बंद असतो तरी पाइपांतून आणि झाकणातून थोडी थोडी ओल जातच राहते, आणि आपल्या हवेत ओलीला तोटा नाही. नवं डॉट-३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट-४ किमान २३० पर्यंत. ओल धरलेल्या ऑइलला ही मर्यादा १४० आणि १५५ वर येते. घाटभर पाय ब्रेकवर ठेवून उतरलं की डिस्क तापते, उष्णता ऑइलपर्यंत जाते आणि त्यातलं पाणी उकळून वाफ होते. द्रव दाबला जात नाही, म्हणून पेडलचा जोर चाकाला पोचतो. वाफ दाबली जाते, म्हणून तुमचा पाय तळाला गेला. निवल्यावर वाफेचं पुन्हा पाणी झालं आणि पेडल वर आलं. त्यामुळे गॅरेजमध्ये काहीच सापडलं नाही. दोष अजून गाडीतच आहे. ऑइल बदलेपर्यंत ती गाडी घाटात नेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

हे काम घरी करायचं का? नाही. आमच्या दिवशीही आम्ही ते करू दिलं नाही, नुसतं दाखवलं. पाइपात हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पुढच्या उतारावर हीच वेळ येते. तुमच्याकडचं काम पातळी बघण्याचं आणि दर दोन वर्षांनी ऑइल बदलून घ्यायची तारीख लिहून ठेवण्याचं. पातळी खाली गेली की बरेच जण वरून ऑइल ओततात. पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते, म्हणून आधी पॅड बघा. सील फुटलेली जुनी बाटली वापरू नका, तिनेही ओल धरलेली असते. आणि रंगावर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, रंग सोलून निघतो.

उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहा, वेग इंजिनला धरू द्या, ब्रेक थोडा वेळ दाबून पूर्ण सोडत चला. न्यूट्रल नको, इंजिन बंद तर मुळीच नको, बंद इंजिनला ब्रेकचा बूस्टर साथ देत नाही. जळका वास आला तर सपाट जागा बघून थांबा, पण तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका.

चिपळूणला जुनी गाडी घ्यायचा विचार आहे. २०२१ च्या पुरातली नाही हे कसं ओळखू?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा चिपळुणात बुडालेल्या गाड्या दुरुस्त होऊन कुठे कुठे गेल्या असतील, तेव्हा हा प्रश्न इतर गावांतल्या लोकांनीही विचारावा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, एकदम टोकाला चिखलाची रेघ राहिलेली असते, धुणारे तिथवर जात नाहीत. सीटच्या खालचे बोल्ट गंजलेत का बघा. गालिचा उचलून नाक लावा. स्टेपनीचा खड्डा आणि फ्यूजच्या पेटीचे कोपरे टॉर्च लावून बघा. गाडीत अत्तराचा वास जरा जास्तच येत असेल तर आणखी खोलात जा. विम्याचा दावा झाला होता का, ते कागदावर मागा.

आणि तुमची स्वतःची गाडी कधी पाण्यात गेलीच, तर चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टन त्याच्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची तार सोडा आणि गाडी ओढून न्या. साध्या विम्यात चावी फिरवून झालेलं इंजिनचं नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची पुरवणी वेगळी घ्यावी लागते.

ताई, मी दापोलीत कॉलेजला आहे. आम्ही मित्र मिळून असाच दिवस ठेवणार आहोत. काय काय लागेल? पहिल्यांदाच करतोय, भीती वाटते.

भीती वाटते हे चांगलं आहे, तीच तुला नियम पाळायला लावेल. मातीवर करू नकोस, सिमेंटची सपाट जागा शोध : शाळेचं पटांगण पक्कं असेल तर ते, नाहीतर एखाद्याची सुपारी वाळवायची शेड. दर तीन गाड्यांमागे एक जाणता माणूस हवाच. तुमच्याकडचे गॅरेजवाले काका बोलव, आणि त्यांच्या दिवसाची मजुरी वर्गणीतून आधी बाजूला काढ. फुकट बोलवू नकोस.

साहित्य फार नको. लांब पाने दोन, घोड्यांच्या दोन जोड्या, हवेचा गेज, मल्टिमीटर, तारेचा ब्रश, जुन्या सुती साड्यांचे फडके, खायचा सोडा आणि व्हॅसलिन. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड येते, ती कोमट पाण्यात सोडा कालवून घातला की फसफसून निघते. मग कोरडं पुसून व्हॅसलिनचा पातळ हात. तार काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. फ्यूजचे थोडे संच घे : लाल १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. ज्या रंगाचा निघाला त्याच रंगाचा बसवायचा, आणि फ्यूजच्या जागी तार घालणाऱ्याला तिथल्या तिथे थांबव. पावडरचा अग्निशामक आणि वाळूच्या दोन बादल्या हाताशी.

हातातल्या अंगठ्या, बांगड्या, कडी काढून ठेवायला सांग. ओढणी खोचलेली, मंगळसूत्र पोलक्याच्या आत. बॅटरीच्या दोन टोकांत एखादी अंगठी सापडली तर बोट भाजून निघतं. घोडी लावल्याशिवाय कोणी गाडीखाली डोकं घालायचं नाही, लहान मुलं आली तर ती पिवळ्या दोरीच्या बाहेर.

पहिल्या दिवशी ऑइल बदलायला घेऊ नका. आम्ही सकाळी पहिला तास बोलण्यात घालवला, ती चूक होती, निम्मी माणसं चहाकडे गेली. तू आल्या आल्या प्रत्येकाला आपल्या दाराच्या चौकटीवरचा हवेच्या दाबाचा स्टिकर शोधायला लाव आणि टायर थंड असतानाच हवा मोजायला लाव. नंतर टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचायला सांग. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. नक्षीची खोली १.६ मिलीमीटरच्या खाली गेली असेल तर तो टायर कायद्याने बाद. एवढ्यानेच शेडमध्ये गलका होईल, प्रत्येक जण दुसऱ्याच्या टायरवर वाकलेला दिसेल.

तारीख मृगाच्या आधीची धर, म्हणजे ७ जूनच्या आत. ती कळव. हर्णेला माझी बहीण असते. मी आदल्या रात्री तिच्याकडे येऊन राहीन आणि घोड्यांची एक जोडी दुकानातून आणीन.